धागा: तेलकट चेहरा, मुरूम आणि सीबीडी – कुणी लावून बघितलंय का?

निशिगंध | ७ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी.

वय ३१, मुक्काम पुणे, नोकरी आयटीत. सकाळी नऊला तोंड धुऊन निघते आणि साडेअकराला ऑफिसच्या आरशात बघते तर कपाळावर पापड तळता येतील. कॉलेजात आले नाहीत तेवढे मुरूम आता तिशीत येताहेत, तेही हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, आतल्या आत ठणकणारे. मुरूम गेला की त्याच्या जागी काळा डाग दोन-तीन महिने ठाण मांडून बसतो.

माझी आतेबहीण लंडनला असते, दिवाळीला येतेय. ती म्हणते, तिकडे सगळ्या जणी सीबीडीचं सीरम लावतात, तेल कमी होतं, सूज बसते, तुलाही एक बाटली घेऊन येते. सीबीडी म्हणजे गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिऑल, पण नशा न आणणारं, एवढं मला समजलंय. मध्येच उतावीळपणा करून मी इथल्याच एका वेबसाइटवरून 'हेम्प ऑइल'ची बाटली मागवलीसुद्धा. अकराशे रुपये. हिरवट रंग, कच्च्या अक्रोडासारखा वास. पाच रात्री लावलं. वाईट काही झालं नाही, चांगलंही काही झालं नाही.

तर, याने खरंच तेल कमी होतं का? बहिणीला आण म्हणू की नको? आणि ती कस्टम्समध्ये अडकणार तर नाही ना?

आईला अजून सांगितलेलं नाही त्या बाटलीत काय आहे ते. फडताळात खोबरेल तेलाच्या शेजारी ठेवलीय.

शंभू | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३१

ताई, भांग पाडायचा असतो. चोपडायचा नसतो.

सहाणकाकू | ७ ऑक्टोबर, रात्री १०:५२

शंभू, झोपा आता.

निशिगंध, अगं आमच्या वेळी जायफळ दुधात उगाळून मुरमावर टिंब लावायचो, सकाळपर्यंत बसायचा. मसुरीच्या डाळीचं पीठ, मुलतानी माती, झालंच तर चंदन. गांजाबिंजा कशाला हवा? माझ्या सासूबाई तर साबणही लावत नसत, आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी काय कांती होती!

शंभू | ७ ऑक्टोबर, रात्री १०:५५

काकू, ऐंशीव्या वर्षी मुरूम कुणालाच येत नाहीत हो.

रसायनमास्तर | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

निशिगंध, आधी ती बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. 'कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल' असं लिहिलेलं असणार. बरोबर? मग त्यात सीबीडी नाही, असलंच तर नावापुरतं.

सीबीडी आणि टीएचसी (हे नशा आणणारं) ही दोन्ही द्रव्यं मादी झाडाच्या फुलोऱ्यावर जे बारीक चिकट केस असतात त्यात तयार होतात. बीमध्ये ती तयार होत नाहीत. बिया फुलोऱ्यात वाढतात म्हणून त्यांच्या टरफलाला थोडी राळ चिकटते, एवढाच काय तो संबंध. त्यामुळे तुम्ही घेतलंत ते जवस, करडई, कारळं यांच्या जातकुळीतलं खाद्यतेल आहे. तेल म्हणून चांगलं आहे, अर्ध्याहून जास्त लिनोलेइक आम्ल. मुरूम येणाऱ्यांच्या त्वचेच्या तेलात हेच आम्ल कमी सापडतं, असं १९८० च्या दशकापासून सांगितलं जातंय. म्हणून लोक उडी मारतात की वरून लावलं की झालं. पण घरातल्या टाकीत पाणी कमी आहे म्हणून गच्चीवर बादली ओतली तर टाकी भरत नाही.

आणि हो, हे तेल फार लवकर खवट होतं. फ्रिजमध्ये ठेवा. फडताळात नको.

अनारसा | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

हेम्प म्हणजे अंबाडी ना? शब्दकोशात तसंच वाचलंय. मग अंबाडीच्या बियांचं तेल घरीच काढता येईल की. आमच्याकडे लातूरला ढिगाने अंबाडी.

रसायनमास्तर | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

नाही नाही नाही. इंग्रजांनी ज्या झाडापासून दोर वळता येतो त्या प्रत्येकाला हेम्प म्हणून टाकलं. अंबाडी त्यांच्या लेखी दख्खनी हेम्प, ताग म्हणजे सन हेम्प. गांजा धरून ही तिन्ही झाडं एकमेकांची नातेवाईकसुद्धा नाहीत. अंबाडी जास्वंदीच्या घरातली, ताग तुरी-हरभऱ्याच्या. तुम्ही अंबाडीची भाजी करा, वर लसणाची फोडणी घाला आणि चेहऱ्याला काही लावू नका.

पेट्रीडिश | ८ ऑक्टोबर, दुपारी ३:१२

जर्मनीतून नमस्कार. मी त्वचेवर काम करत नाही, पण पेशी वाढवणं हाच धंदा आहे, म्हणून थोडं लिहितो. लांबेल.

सीबीडी आणि मुरूम हे सगळं प्रकरण मुख्यतः एका शोधनिबंधावर उभं आहे. २०१४, हंगेरीतलं डेब्रेत्सेन विद्यापीठ, ओलाह आणि बिरो यांचा गट. त्यांनी माणसाच्या तैलग्रंथींच्या पेशी बशीत वाढवल्या. 'एसझेड९५' हे त्या पेशींच्या वाणाचं नाव, मुळात एका ८७ वर्षांच्या बाईच्या चेहऱ्याच्या त्वचेतून घेतलेल्या. (सहाणकाकूंच्या सासूबाई आठवल्या.) या पेशींना टेस्टोस्टेरॉन आणि लिनोलेइक आम्ल, किंवा अराकिडोनिक आम्ल दिलं की त्या चरबीचे थेंब साठवायला लागतात, म्हणजे मुरमाच्या त्वचेची नक्कल. त्यात सीबीडी घातलं तर चरबी साठणं थांबलं, पेशींची वाढ मंदावली आणि सूज आणणारे संदेशही कमी झाले. पेशी मेल्या नाहीत, हे महत्त्वाचं. हे कसं होतं तेही त्यांनी शोधलं. पेशीच्या आवरणात टीआरपीव्ही-४ नावाचं एक दार असतं, सीबीडी ते उघडतं, कॅल्शियम आत येतं, आणि चरबी बनवण्याचा कारखाना मंदावतो. काम फार नेटकं आहे, मी वाचून खूश झालो होतो.

गंमत म्हणजे आपल्या शरीरात स्वतःचाच गांजासारखा एक पदार्थ असतो, १९९२ मध्ये सापडलेला, त्याचं नाव आनंदामाइड. होय, आपल्या 'आनंद' शब्दावरूनच. याच डेब्रेत्सेनच्या लोकांनी आधी दाखवलं होतं की आनंदामाइड तैलग्रंथींतलं तेल *वाढवतं*. म्हणजे एकाच कुटुंबातला एक भाऊ तेल वाढवतो, दुसरा कमी करतो. पुढे २०१६ मध्ये त्यांनी झाडातली बाकीची द्रव्यंही तपासली, तर त्यातल्या सीबीजीने, म्हणजे कॅनाबिजेरॉलने, तेल वाढवलं. आता बाजारात 'फुल स्पेक्ट्रम' म्हणून जी सीरमं मिळतात, ज्यात झाडातलं सगळं काही असतं आणि म्हणून महाग, त्यात बहुतेकदा सीबीजीही असतं. तेलकट चेहऱ्याला नेमकं काय लावतोय हे कोण बघतो?

पण बशीतली पेशी आणि हनुवटीवरचा मुरूम यांच्यात कातडी आहे. त्या प्रयोगांत सीबीडीची मात्रा साधारण १० मायक्रोमोलर होती, म्हणजे लिटरला तीन मिलिग्रॅम. अगदी कमी. बशीत ते थेट पेशीच्या अंगावर पडतं. तुमच्या चेहऱ्यावर त्याला वरचा मेलेल्या पेशींचा थर ओलांडून किंवा केसाच्या मुळाशी उतरून ग्रंथीपर्यंत जायचंय, आणि सीबीडी इतकं तेलप्रेमी आहे की ते वरच्या थरातच रेंगाळतं.

सदाशिवपेठी | ८ ऑक्टोबर, सायं. ६:३०

पेट्रीडिश, उत्तम प्रतिसाद, पण मूळ प्रश्न 'लावू का' असा होता.

पेट्रीडिश | ८ ऑक्टोबर, रात्री ८:०२

येतोय तिकडेच, पुणेकर.

माणसांवर मोठी चाचणी झाली आहे. ऑस्ट्रेलियातली बोटॅनिक्स नावाची कंपनी, प्रयोगशाळेत बनवलेलं शुद्ध सीबीडी, ५ टक्क्यांपर्यंतचं जेल, ३६८ रुग्ण, १२ आठवडे. निकाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. सीबीडीवाल्यांचे मुरूम कमी झाले, पण नुसतं जेल लावणाऱ्यांचेही जवळजवळ तेवढेच कमी झाले. फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. त्रास मात्र फारसा कुणाला झाला नाही. ती कंपनी आता काखेतल्या घामाचं औषध विकते.

झाडपाला | ८ ऑक्टोबर, रात्री ९:१५

हे सगळं औषध कंपन्यांचं राजकारण आहे. झाडावर पेटंट मिळत नाही ना, मग निकाल असेच लागणार.

पेट्रीडिश | ८ ऑक्टोबर, रात्री ९:२२

झाडपाला, अहो ती औषध कंपनीच होती. तिचे पैसे सीबीडी चालावं यासाठीच लागले होते. निकालानंतर शेअर पडला तो त्यांचाच.

भूमितीय | ८ ऑक्टोबर, रात्री ९:५०

नुसत्या जेलने मुरूम कसे कमी होतात पण? त्यात औषध नाही म्हणताय ना.

पेट्रीडिश | ८ ऑक्टोबर, रात्री १०:३५

चांगला प्रश्न. एक तर माणूस चाचणीत नाव केव्हा नोंदवतो? मुरूम ऐन भरात असताना. मुरमांना तशीही भरती-ओहोटी असते, भरतीला मोजणी सुरू केली तर पुढे ओहोटी दिसणारच. दुसरं, चाचणीत आहोत म्हटल्यावर लोक वेळेवर तोंड धुतात, मुरूम फोडत नाहीत. तिसरं, जेलमध्येही अल्कोहोलसारखं काहीतरी असतंच. म्हणून कुणी म्हणालं 'मला दोन महिन्यांत चाळीस टक्के फरक पडला', तर मी विचारतो, न लावलेल्याला किती पडला?

टेम्सकाठी | ८ ऑक्टोबर, रात्री ११:४८

मी लंडनच्या बाजूलाच असते आणि हे सीरम चार महिने वापरलंय, म्हणून लिहिते. किंमत ३८ पौंड, ३० मिली. डबीवर पुढे मोठ्या अक्षरात सीबीडी. मागे बघितलं तर पाण्यानंतर दुसऱ्या नंबरला नायसिनामाइड, मग सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे मुरमांवरची नेहमीचीच द्रव्यं, आणि सीबीडी खाली सुवासाच्या शेजारी. चेहरा बरा झाला, खोटं का बोलू. पण नायसिनामाइड आणि सॅलिसिलिक आम्ल पुण्यातही मिळतं, चारपाचशे रुपयांत.

इथे हे उघडपणे विकलं जातं हे खरं. युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांच्या सरकारी यादीत सीबीडीपुढे 'तेलरोधक' असं कामही लिहिलेलं आहे, त्याचा जाहिरातवाले फार उपयोग करतात. ती यादी म्हणजे घटक कशासाठी घालतात याची नोंद, गुण आल्याचा दाखला नाही. आणि पोटात घ्यायच्या सीबीडीबद्दल इथल्या अन्न संस्थेने आधी दिवसाला ७० मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हटलं होतं, २०२३ मध्ये ते १० वर आणलं. सत्तरावरून दहावर! तेव्हापासून मी ते थेंबही बंद केले.

पेट्रीडिश | ९ ऑक्टोबर, पहाटे १२:२०

आणि बाटलीवर लिहिलेलं बाटलीत असतंच असं नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली होती, २०१७ मध्ये छापून आलं. लेबलाप्रमाणे माल निघाला फक्त ३१ टक्क्यांत. १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं.

दुबईकर_बंड्या | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

एकच विचारतो. बहिणीचं विमान कुठून येतंय? लंडन-दुबई-पुणे किंवा लंडन-दुबई-मुंबई असेल तर ती बाटली लंडनच्या कचऱ्यात टाकून निघायला सांगा. इथे सीबीडीसुद्धा बंदीच्या यादीत आहे. 'नशा येत नाही साहेब' हे कुणी ऐकत नाही. सिंगापूरमार्गे येणाऱ्यांनाही तेच.

काळाकोट | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:४४

भारतापुरतं सांगतो, सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्या व्याख्येतून वगळली आहेत. या वगळण्यावर सगळा भारतीय बाजार उभा आहे. बियांचं तेल विकता येतं. २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, या बिया, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून आयुषच्या परवान्यावर बनतो, नाव 'विजया'. फुलोऱ्यापासून काढलेलं मात्र त्या व्याख्येच्या आत येतं.

आता परदेशातली बाटली. अर्क पानाचा की फुलाचा, हे लेबलवर नसतं. बहुतेक फुलाचाच असतो, कारण सीबीडी तिथेच जास्त. लोक म्हणतात 'टीएचसी ०.३ टक्क्यांहून कमी आहे, चालतं'. तो आकडा अमेरिकेच्या २०१८ च्या शेतीविषयक कायद्यातला. आपल्याकडे उत्तराखंडने शेतीच्या परवान्यांसाठी तोच आकडा ठेवला. प्रवाशाच्या पिशवीतल्या बाटलीला तो आकडा लावून सूट मिळते असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. दिवाळीच्या फराळाऐवजी अधिकाऱ्यासमोर रसायनशास्त्र समजावत बसायचं असेल तर आणा.

जाता जाता, शंभूसाठी: महाराष्ट्रात भांगेलासुद्धा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. उत्तरेकडचे होळीचे व्हिडिओ बघून इथे काही करू नका.

शंभू | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

मी फक्त केसांच्या भांगाबद्दल बोललो होतो, वकीलसाहेब.

गुळवेल | ९ ऑक्टोबर, दुपारी १:१५

वैद्य आहे, म्हणून विजयेबद्दल दोन शब्द. औषधांच्या कायद्यात विषारी द्रव्यांची जी यादी आहे, त्यात विजया आहे. म्हणजे शुद्धी करून, वैद्याच्या देखरेखीखाली. आमच्या ग्रंथांत ती पोटातल्या तक्रारींवर, झोपेवर, भूक लागण्यासाठी जास्त येते. तारुण्यपीटिकांवर, म्हणजे मुरमांवर, जुन्या ग्रंथकारांपैकी शार्ङ्गधराने लोध्र, धणे आणि वेखंडाचा लेप सांगितलाय, विजयेचा नाही. आजकाल प्रत्येक बाटलीवर 'प्राचीन भारतीय रहस्य' छापतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं. रहस्य असतं तर माझ्या गुरुजींनी परीक्षेत विचारलं असतं.

वेखंड कोवळ्या त्वचेला झोंबतं, जपून.

बायसेप्स_बाबू | ९ ऑक्टोबर, दुपारी २:०३

धाग्याला छेद देतोय, सॉरी. वय २२. मला डॉक्टरांनी मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्यात, दीड महिना झाला. मित्राने बंगलोरहून सीबीडीचे थेंब आणलेत, जिभेखाली घ्यायचे, म्हणे सूज उतरते. दोन्ही चालेल का? जिम सुरू आहे, व्हे प्रोटीन दोन स्कूप.

संत्र्याचं_साल | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

त्वचारोगतज्ज्ञ, नागपूर. आयडी बघून हसू नका. संत्र्याची साल चेहऱ्यावर घासून आलेल्या पुरळावर माझी अर्धी ओपीडी चालते. धागा दोन दिवस वाचतेय, आता राहवत नाही.

बाबू, आधी तू. थेंब बंद. दोन्ही गोष्टींचा भार लिव्हरवर. सीबीडीचं फिट्सच्या आजारासाठीचं मान्यताप्राप्त औषध अमेरिकेत २०१८ पासून आहे. त्याच्या चाचण्यांतच लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसली होती. तिथे मात्रा खूप मोठी असते हे खरं, पण तुझ्या मित्राच्या बाटलीत किती आहे हे त्यालाही ठाऊक नाही. दोन महिन्यांनी तुझा रक्ताचा रिपोर्ट बिघडला तर दोष कुणाचा हे तुझ्या डॉक्टरांना कळणार कसं? त्यांना फोन कर आणि सांग की असे थेंब घेतले होते, किती दिवस घेतले. लाजू नकोस. आणि व्हे महिनाभर थांबवून बघ, काही मुलांत त्याने मुरूम वाढतात.

निशिगंध, तुझ्याकडे. सगळे सीबीडीबद्दल बोलले, तुझ्या चेहऱ्याबद्दल कुणीच नाही.

तिशीतली बाई, हनुवटी आणि जबड्याची कड, आतून ठणकणारे मुरूम. हे वाचल्यावर माझे पहिले प्रश्न वेगळेच असतात. पाळी नियमित आहे का? पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतात का? हनुवटीवर राठ केस? वजन? कधी पीसीओडीची (हार्मोन आणि पाळी बिघडवणारा बीजकोशांचा विकार) सोनोग्राफी झालीय? तैलग्रंथी हार्मोनच्या तालावर नाचतात. ताल धरणारा आत बसलेला असताना वरून किती पावडर लावणार?

तेलाबद्दल एक कटू गोष्ट. तेल *खरोखर* कमी करणारी औषधं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, ज्या गर्भारपणात अजिबात चालत नाहीत, बाळात व्यंग येतं, म्हणून बायकांना देताना आम्ही दहा वेळा बजावतो. हार्मोनवर चालणारी औषधं, म्हणजे काही गर्भनिरोधक गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन. स्पायरोनोलॅक्टोनची इंग्लंड-वेल्समध्ये ४१० बायकांवर चांगली चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला, गुण आला पण सावकाश, सहा महिने धरायचे. आणि अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेलं क्लास्कोटेरोनचं क्रीम. बाकी जे आपण लावतो त्याने मुरूम कमी होतात. तेल फारसं होत नाही. तेल टिपकागदाने टिपायचं, दोनदा तोंड धुवायचं, आणि चेहरा चमकतो म्हणून स्वतःला शिक्षा करायची नाही. तेल हा काही मळ नाही. दिवसातून पाच वेळा फेसवॉश लावणाऱ्या मुली येतात माझ्याकडे, कातडी सोललेली आणि मुरूम जिथल्या तिथे.

साधं, जुनं, कंटाळवाणं आणि चालणारं: रात्री ॲडापालिनचं जेल ०.१ टक्के, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, पहिले दोन आठवडे एक रात्र आड. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, १० टक्क्यांचं घेऊ नकोस, गुण तेवढाच आणि आग जास्त. टॉवेल पांढरा वापर, रंगीत टॉवेलचा रंग जातो. सनस्क्रीन. ॲडापालिन गर्भारपणात लावायचं नसतं, तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांग. पहिल्या महिन्यात मुरूम वाढल्यासारखे वाटतात आणि तिथेच लोक सोडून देतात. बारा आठवडे धर.

आणि केसांना तेल लावतेस? कधी? किती?

निशिगंध | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

डॉक्टर, अंगावर काटा आला. दर शनिवारी रात्री आई खोबरेल तेलाने चंपी करून देते, रविवारी न्हाते. पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी. हनुवटीवर तीन-चार केस, चिमट्याने काढते. हे दोन्ही मी कधी एकत्र जोडून बघितलंच नव्हतं.

बहिणीला आणू नको म्हणून कळवलंय. विमान दुबईमार्गेच होतं!

दुबईकर_बंड्या | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४३

🙏

संत्र्याचं_साल | ९ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मग पुण्यातल्याच कुणा त्वचारोगतज्ज्ञाला आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला एकदा भेट. धाग्यावर निदान होत नसतं, मी फक्त दार दाखवलं. चंपीचं तेल कपाळावर आणि उशीवर उतरतं, त्याने कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या येतात. आईला दुखवू नकोस, न्हायच्या आधी तासभर लावून घे आणि रात्रभर ठेवू नकोस.

अजून एक, धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. मेडिकलमधून 'गोरं करायची ट्यूब' आणून मुरमावर लावू नका. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा चकाकतो, मग ती सोडता येत नाही. २०१८ पासून ही स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी आहे, आणि तरीही सर्रास मिळतात. सीबीडीने नुकसान झालेला रुग्ण मी अजून पाहिलेला नाही. या ट्यूबने झालेले रोज पाहते.

सहाणकाकू | १० ऑक्टोबर, सकाळी ६:५५

डॉक्टर, जायफळ चालेल की नाही ते नाही सांगितलंत.

संत्र्याचं_साल | १० ऑक्टोबर, दुपारी २:२०

काकू, सावळ्या त्वचेवर जायफळाने कधी कधी चट्टा जळतो आणि मुरमापेक्षा मोठा डाग राहतो. खिरीत घाला. खिरीत उत्तम.

निशिगंध | ११ जानेवारी २०२६, सायं. ५:४०

धागा वर काढतेय, हिशेब द्यायला.

सोनोग्राफी झाली, पीसीओडी निघालं. औषधाबद्दल इथे लिहीत नाही, प्रत्येकीचं वेगळं. चेहऱ्याला ॲडापालिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडच दिलं डॉक्टरांनी. नोव्हेंबरचे पहिले पंधरा दिवस अक्षरशः रडकुंडीला आले होते, आख्खी हनुवटी लाल. या धाग्यावरचं 'तिथेच लोक सोडून देतात' हे वाक्य वाचून धरून राहिले. आता बारा आठवडे होत आलेत. आतून ठणकणारे बंद झालेत, बारीकसारीक येतात. डाग अजून आहेत. तेल? साडेअकराला अजूनही पापड तळता येतात, पण आता टिपकागद पर्समध्ये असतो आणि तेवढं वाईट वाटत नाही. दोन उशीचे अभ्रे पांढरे पडले. एक निळा होता, आवडता.

बहीण आली होती, बाकरवडी घेऊन गेली. तीही आता सीरमच्या मागची बारीक अक्षरं वाचते.

टेम्सकाठी | ११ जानेवारी, रात्री ८:१५

मस्त! आणि त्या अकराशेच्या बाटलीचं काय झालं?

निशिगंध | ११ जानेवारी, रात्री ९:०२

तीच तर गोष्ट. मास्तरांनी सांगूनही ती फडताळातच राहिली. आईच्या शिलाई मशीनचं तेल संपलं होतं, तिला वाटलं हे कुठलंतरी साधं तेल पडून आहे, तिने मशीनला घातलं. सुरुवातीला छान चाललं. आता चाक हलत नाही. संक्रांतीच्या झबल्यांची ऑर्डर आहे, परवा द्यायचीत.

रसायनमास्तर | ११ जानेवारी, रात्री ९:१०

अरे देवा. हे जवसासारखं सुकणारं तेल आहे. हवा लागली की घट्ट होऊन डिंकासारखं चिकटतं. याच गुणामुळे जवसाचं तेल रंगात घालतात. मशीनला कधीच घालायचं नसतं. रॉकेल सोडा सांध्यांत, दोन तास ठेवा, चाक हाताने मागे-पुढे करा, पुसून मग मशीनचं तेल.

सहाणकाकू | ११ जानेवारी, रात्री ९:१८

रॉकेल आणायचं कुठून मास्तर? रेशनवर दिसून किती वर्षं झाली. हार्डवेअरच्या दुकानातून टर्पेंटाइन आण गं. खिडकी उघडी ठेव.

निशिगंध | ११ जानेवारी, रात्री ९:३६

आणते सकाळी. आईने आत्ताच विचारलं, 'कसलं तेल होतं गं ते?'

शंभू | ११ जानेवारी, रात्री ९:३७

सांगा, मशीनला चढलीय. उतरेल सकाळपर्यंत.